अर्जातला एक रकाना

गणपतीच्या सुटीतली गोष्ट. आमच्या कॉलेजातून शिकून गेलेल्या एका मुलीच्या आई तालुक्याच्या गावाहून एसटीने मला भेटायला आल्या. मुलगी हुशार. बी.एस्सी. झाली, पुढे जर्मनीला शिकायला गेली आणि तिथेच नोकरीला लागली. चहा झाला, पाऊसपाण्याच्या गोष्टी झाल्या, आणि मग ताईंनी पिशवीतून वहीचे एक घडी घातलेले पान काढले. मुलीने फोनवर जे सांगितले ते त्यांनी शिसपेन्सिलीने टिपून आणले होते.

प्रकरण असे होते. ही मुलगी सव्वा वर्षापासून एका ब्राझीलच्या तरुणाबरोबर एकाच घरात राहत होती. दोघांचे एकमेकांवर मन बसलेले. पण लग्न झालेले नव्हते. आता मुलीला कॅनडात कायम राहण्यासाठी अर्ज करायचा होता. तिचे शिक्षण, तिचा अनुभव, यांच्या गुणांवर तो अर्ज होता. त्यात एक रकाना होता, वैवाहिक स्थितीचा. ताई म्हणाल्या, “सर, तुमचं ऐकते ती. तिला सांगा, अविवाहित लिही म्हणून. लग्न झालेलंच नाही, मग खोटं काय त्यात? त्या पोराचं नाव सरकारी कागदावर कशाला? उद्या फिरत फिरत गावात आलं, तर ह्यांना काय सांगू मी?”

मला त्यांचे बोलणे पटले. मी म्हणालो, “बरोबर आहे तुमचं, ताई. लग्न नाही म्हणजे अविवाहितच.” त्या समाधानाने परतीच्या गाडीला गेल्या.

रात्री मात्र मला चैन पडेना. मी राज्यशास्त्र शिकवतो; वकील नव्हे. आपण एवढ्या ठामपणे बोललो ते कशाच्या आधारावर, असे मनात येऊ लागले. शेवटी उठलो, कॅनडा सरकारने प्रसिद्ध केलेले नियम काढून वाचले, आणि ध्यानात आले की आपण त्या माउलीला चुकीचा सल्ला दिला आहे. तो सल्ला मुलीने मानला असता, तर तिची आणि त्या तरुणाची कदाचित कायमची ताटातूट झाली असती. आज आपल्याशी बोलायचे आहे ते त्या चुकीविषयी. कारण आता खेड्यापाड्यांतली मुलेही परदेशी शिकायला आणि नोकरीला जातात, आणि हा प्रश्न उद्या आपल्यापैकी कुणाच्याही ओसरीवर येऊन बसेल.

आपल्या बोलण्यात माणूस एकतर लग्न झालेला असतो, नाहीतर व्हायचा असतो. कॅनडाच्या कायद्यात या दोहोंच्या मधे आणखी एक पायरी आहे. दोन माणसे पतिपत्नीसारखी सलग किमान एक वर्ष एकत्र राहिली, की कायदा त्यांना ‘कॉमन-लॉ पार्टनर’ म्हणतो; आपण त्यांना सहजीवनातले जोडीदार म्हणू. त्यासाठी भटजी लागत नाही, नोंदणी लागत नाही. हे वर्ष कॅनडातच काढलेले असले पाहिजे असेही नाही; जगात कुठेही काढलेले चालते. मधे कुणी आजारी आईला भेटायला किंवा कामासाठी थोडे दिवस बाहेर गेले, तर तेवढ्याने ते वर्ष तुटत नाही.

म्हणजे पाहा, आमची विद्यार्थिनी सव्वा वर्ष त्या तरुणाबरोबर राहत होती. आपल्या दृष्टीने ती अविवाहित. कॅनडाच्या दृष्टीने ती एकटी नव्हती, आणि त्या रकान्यात ‘अविवाहित’ लिहिणे म्हणजे खोटी माहिती देणे झाले असते. अशी खोटी माहिती उघडकीस आली, तर पाच वर्षांची बंदी येऊ शकते. दुसरे कलम याहून कठोर आहे. कायम रहिवासाचा अर्ज करताना जोडीदार असूनही ज्याचे नाव दाखवले नाही आणि ज्याची तपासणी झाली नाही, त्याला पुढे कुटुंबीय म्हणून बोलावण्याचा हक्क सहसा उरत नाही. जोडीदार सोबत येणार नसला तरीही त्याचे नाव दाखवावेच लागते. लाजेखातर एक रकाना चुकीचा भरायचा, आणि तीन वर्षांनी ‘आता याला आणायचे आहे’ म्हणून गेले की दार बंद. अशी ही गोष्ट आहे.

नीट नाव दाखवले, तर मात्र तोच कायदा उदार आहे. मग त्या तरुणाला तिच्याच अर्जात, तिच्याबरोबर जाता येते. त्याचा देश ब्राझील आणि तिचा भारत, याला काही आडकाठी नाही. मात्र ज्या प्रेमिकांनी एक वर्ष एकत्र काढलेलेच नाही, त्यांच्यासाठी तिथे नुसत्या वाङ्‌निश्चयावर मिळणारा व्हिसा नाही. त्यांनी एकतर लग्न करावे, नाहीतर ते वर्ष पुरे करावे. कायद्याच्या किंवा परिस्थितीच्या मोठ्या अडथळ्यामुळे ज्यांना लग्नही करता येत नाही आणि एकत्रही राहता येत नाही, त्यांच्यासाठी एक निराळे कलम आहे. पण ते कॅनडातल्या नागरिकाने किंवा कायम रहिवाशाने परदेशातल्या जोडीदाराला बोलावण्यापुरते आहे. केवळ सोयीचे पडते म्हणून त्याचा आधार घेता येत नाही.

आता इतर देशांकडे वळू. या बाबतीत देशांचे ढोबळ मानाने दोन गट पडतात. एक, लग्नावाचूनचे सहजीवन मानणारे. दुसरा, लग्नाचा दाखलाच मागणारे.

पहिल्या गटात कॅनडाबरोबर ऑस्ट्रेलिया येतो. तिथेही साधारणपणे अर्जापूर्वीचे बारा महिने सहजीवन असावे लागते. मात्र तिथल्या बहुतेक राज्यांत अशा नात्याची सरकारी नोंदणी करता येते, आणि ती केली तर बारा महिन्यांची अट राहत नाही. अधिकारी चार गोष्टी पाहतात: पैशाचा व्यवहार एकत्र आहे का, घरकाम आणि घराची जबाबदारी कशी वाटून घेतली आहे, चारचौघांत तुम्ही जोडपे म्हणून वावरता का, आणि पुढे एकत्र राहण्याचा निश्चय कितपत पक्का आहे. आपल्याकडे लग्न ठरवताना घरची वडीलधारी माणसे अशाच चौकशा करतात. तिथे त्या सरकार करते, एवढाच फरक. या अर्जाची फी नऊ हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर आहे. तेव्हा अर्ज घाईने करून तो नाकारला जाणे परवडणारे नाही.

न्यूझीलंडमध्येही कायम वास्तव्यासाठी बारा महिने एकत्र राहिल्याचे दाखवावे लागते. त्या देशाचा आणखी एक नियम आपल्याला जवळचा वाटेल. घरच्यांनी ठरवलेल्या लग्नासाठी तिथे वेगळा व्हिसा आहे. त्यावर जाऊन तीन महिन्यांच्या आत लग्न करायचे असते.

ब्रिटनमध्ये पूर्वी अविवाहित जोडीदाराला दोन वर्षे एकाच घरात राहिल्याचे दाखवावे लागे. ३१ जानेवारी २०२४ पासून तो नियम सैल झाला. नाते लग्नासारखे आणि किमान दोन वर्षांचे असले पाहिजे; नोकरीमुळे किंवा रूढीमुळे एका छपराखाली राहता आले नसेल, तर तेवढ्या कारणाने नकार मिळत नाही. पण त्याच वर्षी दुसरी बाजू आवळली गेली. तिथे स्थायिक झालेल्या माणसाला जोडीदार आणायचा, तर उत्पन्नाची किमान अट एप्रिल २०२४ मध्ये वर्षाला १८,६०० पौंडांवरून २९,००० पौंड झाली. आपल्या विद्यार्थ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या साध्या एम.ए., एम.एस्सी.च्या अभ्यासक्रमांना जाणाऱ्यांना जोडीदार बरोबर नेता येत नाही, मग लग्न झालेले असो वा नसो. ती सवलत संशोधनाच्या विद्यार्थ्यांपुरती आणि सरकारी शिष्यवृत्तीच्या काही जणांपुरती उरली.

युरोपात नेदरलँड्स आणि स्वीडन हे देश लग्नावाचूनचे नाते मानतात. नेदरलँड्समध्ये सामान्यतः दोघांचेही वय किमान एकवीस असावे लागते आणि तुम्ही दुसऱ्या कुणाशी विवाहबद्ध नाही याचा दाखला लागतो. फ्रान्सने १९९९ मध्ये लग्नाहून निराळा असा सहजीवनाचा नोंदणीकृत करार कायद्यात आणला. पोर्तुगालमध्ये २००१ च्या कायद्याने दोन वर्षांच्या सहजीवनाला मान्यता मिळाली. आपल्या गोव्याचा या शेवटच्या देशाशी जवळचा संबंध आहे. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलाबाळांना पोर्तुगालचे नागरिकत्व नोंदवता येते, आणि अनेकांनी ते नोंदवले आहे. त्यामुळे एकाच वाड्यावर वाढलेली मुलगा आणि मुलगी कागदावर दोन देशांची होतात. त्याच्या हाती पोर्तुगालचे पारपत्र, तिच्या हाती भारताचे. आपल्या कायद्याप्रमाणे दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वखुशीने घेतले की भारताचे जाते, हे इथे विसरू नये.

युरोपातला एक खटला सांगण्याजोगा आहे. रीड नावाची एक ब्रिटिश महिला नेदरलँड्समध्ये काम करणाऱ्या ब्रिटिश माणसाबरोबर लग्नावाचून राहत होती. तिला राहण्याचा परवाना नाकारला गेला. १९८६ मध्ये युरोपीय न्यायालयाने निर्णय दिला, तो मोठा मार्मिक होता. न्यायालय म्हणाले की कायद्यातला ‘पत्नी’ हा शब्द ताणून अविवाहित सोबतिणीपर्यंत नेता येणार नाही. परंतु नेदरलँड्स आपल्या नागरिकांच्या अविवाहित जोडीदारांना जर राहू देतो, तर युरोपीय समुदायाच्या दुसऱ्या देशातून आलेल्या कामगाराला तीच सवलत नाकारता येणार नाही. रीडबाईंना राहता आले ते समान वागणुकीच्या तत्त्वावर.

दुसऱ्या गटात मोठा देश म्हणजे अमेरिका. तिथे अविवाहित जोडीदारासाठी कायम वास्तव्याचा मार्ग नाही. अमेरिकेचा नागरिक मात्र आपल्या नियोजित वधूला किंवा वराला बोलावू शकतो. ती दोघे अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांत एकमेकांना प्रत्यक्ष भेटलेली असावीत, आणि तिथे पोचल्यावर नव्वद दिवसांच्या आत लग्न व्हावे लागते. हा हक्क नागरिकाला आहे; नुसते ग्रीन कार्ड असलेल्याला नाही. नोकरीच्या व्हिसावर गेलेल्या माणसाची पत्नी किंवा पती अवलंबित म्हणून जातो. लग्नावाचूनच्या जोडीदाराला फार तर पाहुण्याचा व्हिसा मागता येतो, आणि त्यावर नोकरी करता येत नाही.

जर्मनीत आमची विद्यार्थिनी राहत होती खरी, परंतु तिला आणि त्या तरुणाला तिथे राहता आले ते दोघांच्या आपापल्या नोकरीच्या परवान्यावर. नात्याच्या बळावर नव्हे. जोडीदार म्हणून जायचे, तर जर्मनी लग्न किंवा लग्नासाठीचा व्हिसा मागते. आखाती देशांत आपली हजारो माणसे आहेत. तिथे कुटुंबाच्या व्हिसासाठी विवाहाचाच साक्षांकित दाखला लागतो. संयुक्त अरब अमिरातीने २०२० मध्ये लग्नावाचून एकत्र राहण्याला गुन्ह्यातून वगळले. पण गुन्हा नसणे वेगळे आणि व्हिसा मिळणे वेगळे. शेजारच्या सौदी अरेबियात तर तेवढीही मोकळीक समजू नये.

एवढे ऐकल्यावर कुणी विचारील, की हे सारे सिद्ध कसे करायचे? श्रोतेहो, प्रेम कुणाच्या कचेरीला दिसत नाही. कचेरीला कागद दिसतो. भाडेकरारावर दोघांची नावे, दोघांच्या नावे बँकेतले खाते, एकाच पत्त्यावर आलेली दोघांची पत्रे आणि वीजबिले, विम्यात एकमेकांचे वारसनामे, एकत्र प्रवासाची तिकिटे, दोन्ही घरच्या माणसांबरोबरची छायाचित्रे, आणि ओळखीच्या माणसांची प्रतिज्ञापत्रे. आपल्या मुलांचे चुकते ते इथेच. भाडेकरार एकाच्याच नावे करतात, दुसरा निम्मे पैसे रोखीने देतो. घरी कळू नये म्हणून मुलगी पत्रासाठी मैत्रिणीचा पत्ता देते. वर्ष खरेखुरे एकत्र गेलेले असते आणि कागदावर त्याची खूण नसते. म्हणून निर्णय झाला त्या दिवसापासून कागद जपावेत. इथून नेण्याचे जन्माचे किंवा अविवाहित असल्याचे दाखले असतील, तर त्यांवर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का लागू शकतो. भारत या पद्धतीत २००५ मध्ये सामील झाला. या कामाला वेळ जातो. विमानाचे तिकीट काढल्यावर त्याच्या मागे लागू नये.

काहींना वाटेल, एवढा खटाटोप करण्यापेक्षा लग्नच करून टाकावे. दोघांची तशी इच्छा असेल तर त्यासारखे सोपे नाही. विशेष विवाह कायदा १९५४ चा आहे. त्याखाली भारतीय आणि परदेशी माणसाचे लग्न जात-धर्म न बदलता नोंदवता येते. दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात आधी तीस दिवस राहिलेला असावा लागतो. मग नोटीस, ती कचेरीच्या फळ्यावर लागते, हरकतींसाठी तीस दिवस, आणि नंतर तीन साक्षीदारांसमोर विवाह. म्हणजे चार दिवसांच्या रजेत हे काम होत नाही. परदेशातच लग्न करायचे, तर १९६९ च्या परदेशी विवाह कायद्याने आपल्या वकिलातीत करण्याची सोय आहे. एकजण तरी भारतीय नागरिक हवा. आणि जोडपे पुढे भारतात राहायला येणार असेल, तर नोंदलेल्या लग्नाला दोन वर्षे झाल्यावर परदेशी जोडीदाराला ओसीआय कार्डासाठी अर्ज करता येतो. पाकिस्तान आणि बांगलादेशाच्या नागरिकांना ही सोय नाही. नुसत्या सहजीवनावर भारत व्हिसा देत नाही.

मात्र नुसत्या व्हिसासाठी लग्न करू नये. एकतर केवळ कागदासाठी केलेले लग्न अनेक देशांत गुन्हा आहे. दुसरे असे, की मन तयार नसताना व्हिसाच्या मुदतीने गळ्यात माळ घातली, तर ती काढताना दोन देशांची न्यायालये मधे येतात. मुलींच्या बाबतीत तर फार जपावे. जी मुलगी दुसऱ्याच्या नावावर परदेशी जाते, तिचे तिथले राहणे त्याच्या मर्जीवर आहे असे तिला भासवले जाऊ शकते. पारपत्र स्वतःजवळ असावे, बँकेत स्वतःचे खाते असावे, आणि एक गोष्ट माहीत असावी: ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया या देशांत घरात छळ होणाऱ्या जोडीदारासाठी कायद्यात वेगळी तरतूद आहे. शक्य असेल तिथे दोघांनी आपापल्या शिक्षणाच्या वा नोकरीच्या परवान्यावर जावे, हा सर्वांत सुरक्षित मार्ग. नात्यावर त्याचा भार पडत नाही.

हे नियम बदलत असतात. म्हणून एजंटच्या तोंडी शब्दावर न राहता त्या त्या सरकारने स्वतः प्रसिद्ध केलेले नियम वाचावेत. माझ्यासारख्या शिक्षकाच्या शब्दावरही राहू नये. मी कसा चुकलो ते आपण आत्ताच ऐकले.

त्या चुकीचे पुढे काय झाले ते सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी ताईंना फोन केला आणि म्हणालो, “ताई, काल मी चुकीचं सांगितलं. तिला खरं लिहू द्या.” मी सारे समजावून दिले. बराच वेळ पलीकडून आवाज आला नाही. मग त्यांनी विचारले, “मग गावात कळंल का?” मी म्हणालो, “कॅनडाचा अर्ज ग्रामपंचायतीत येत नाही, ताई. पण मुलीच्या वडलांना कळायला हवं. आणि ते कागदावरून कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळलेलं बरं.”

त्यांनी सांगितले. वडलांनी दोन दिवस घरात कुणाशी शब्द बोलला नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी एवढेच विचारले, “त्या पोराचे आईबाप हायती का?” ताई म्हणाल्या, आहेत. “मग त्यांना म्हाईत हाय का?” त्यांनाही माहीत होते. त्यानंतर मुलीचा फोन आला तेव्हा तो वडलांनी घेतला.

मुलीने रकाना खरा भरला आणि त्या तरुणाचे नाव लिहिले. अर्जाचा निकाल अजून यायचा आहे. काय लागेल ते लागो. परंतु त्या अर्जात आता लपवलेले असे काही नाही, आणि त्या घरातही नाही.

खेड्यातल्या माझ्या शिक्षक बंधुभगिनींना शेवटी एक विनंती करतो. आपली जुनी मुले-मुली असे प्रश्न आईबापांच्या आधी आपल्याला विचारतात. आपल्याला हे नाते रुचो वा न रुचो, त्यांना खोटे लिहायचा सल्ला देऊ नका. माहिती नसेल तर तसे सांगा, वाचा, आणि मग बोला. मुलांना आपण जन्मभर खरे बोलायला शिकवतो. ऐन गरजेच्या वेळी आपणच डळमळू नये.